एक ओळ गळाली आणि मुडदे मोकाट सुटले

गणपतीत घरची सगळी पोरं एकत्र आली की रात्री आरत्या आटोपल्यावर सिनेमाचा विषय निघतोच. यंदा विषय होता झोंबी. चावल्यावर माणूस किती वेळात झोंबी होतो, झोंबी पळतो की फक्त पाय ओढत चालतो, यावर जोरदार वाद झाला. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं : त्याच्या डोक्यावर घाव घातला तरच तो संपतो.

मी विचारलं, "हे नियम ठरवले कुणी?"

पोरं गप्प. एक म्हणाला, "गेममध्ये असंच असतं." भाची म्हणाली, "सगळ्याच सिनेमांत असतं." कोपऱ्यात वाती वळत बसलेली आमची आई म्हणाली, "झोंबी म्हणजे आपला वेताळच ना रे?"

या महिन्याचं सदर त्या दोन प्रश्नांसाठी. आईच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. नाही, झोंबी म्हणजे वेताळ नव्हे. आपला वेताळ प्रेतात शिरतो, पण तो बोलतो. विक्रमाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगतो आणि वर कोडं घालतो. गोव्यात आमोणे, लोलये अशा गावांत तर तो ग्रामदेव आहे, गावाचा राखणदार. मुंजा, हडळ, खवीस यांनाही आपापलं नाव, झाड आणि गाऱ्हाणं असतं. झोंबीला यातलं काहीच नसतं. तो कालपर्यंतचा शेजारी असतो. आज त्याला फक्त भूक उरलेली असते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे जॉर्ज रोमेरो. आज जगभर ज्या झोंबीला आपण ओळखतो, तो या माणसाने घडवला. आणि ज्या सिनेमातून तो घडला, त्याच्या हक्कांतून मिळू शकणारा बहुतेक पैसा त्याच्या हातून निसटला. कारण पडद्यावरची एक ओळ गळाली.

रोमेरोचा जन्म १९४० चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सचा. लहानपणी त्याला 'द टेल्स ऑफ हॉफमन' या ऑपेरापटाने झपाटलं होतं. त्या काळी सिनेमाची रिळं भाड्याने मिळत. हा मुलगा तीच रिळं पुन:पुन्हा भाड्याने आणून बघायचा. कधी दुकानात ती नसली, की कळायचं, दुसरा एक मुलगा घेऊन गेलाय. तो दुसरा मुलगा म्हणजे मार्टिन स्कॉर्सेसी.

पुढे रोमेरो शिकायला पिट्सबर्गला गेला आणि तिथेच राहिला. पिट्सबर्ग म्हणजे पोलादाच्या भट्ट्यांचं शहर. हॉलिवुडपासून हजारो किलोमीटर लांब. तिथे मित्रांना घेऊन त्याने 'लेटंट इमेज' नावाची छोटी कंपनी काढली. बिअरच्या आणि घरगुती वस्तूंच्या जाहिराती करायच्या, त्यातून कॅमेरा आणि दिवे जमवायचे, असा खाक्या. त्याच शहरात फ्रेड रॉजर्स हे अत्यंत प्रेमळ गृहस्थ लहान मुलांसाठी दूरचित्रवाणीवर कार्यक्रम करत. त्या कार्यक्रमासाठी रोमेरोने छोट्या फिल्म बनवल्या. एकीत रॉजर्स स्वत: टॉन्सिलचं ऑपरेशन करून घेतात, मुलांची भीती जावी म्हणून. पुढे रोमेरो गमतीने म्हणायचा, की आपला सर्वांत भीतिदायक सिनेमा तोच.

१९६७ मध्ये या मंडळींनी पूर्ण लांबीचा सिनेमा करायचं ठरवलं. दहा जणांनी प्रत्येकी ६०० डॉलर काढले. आपल्याकडे नाटकवेडी मंडळी वर्गणी काढून प्रयोग लावतात, अगदी तसंच. म्हणून कंपनीचं नाव 'इमेज टेन'. मग ओळखीपाळखीतून आणखी पैसे उभे राहिले आणि एकूण खर्च झाला सुमारे १ लाख १४ हजार डॉलर. हॉलिवुडच्या मानाने हा चहापाण्याचा खर्च.

पैसा नव्हता म्हणून काय काय केलं, ते बघण्यासारखं आहे. सिनेमा कृष्णधवल केला. इव्हान्स सिटी या गावाजवळ पाडायला निघालेलं एक शेतघर मिळालं, तिथे मुक्काम टाकला. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं. कृष्णधवल चित्रात ते रक्तापेक्षाही रक्तासारखं दिसतं. पैसे घालणाऱ्यांत एक खाटीक होता, त्याच्याकडून मांस आलं. गावकरी, मित्र आणि जाहिरातीतले ग्राहक मुडदे म्हणून पाय ओढत चालले. निर्मात्यांनीही तोंडाला रंग फासून भूमिका केल्या.

गोष्ट अगदी साधी. भाऊबहीण वडिलांच्या थडग्यावर फुलं वाहायला येतात. दूरवरून एक माणूस चालत येतो, आणि तो मेलेला असतो. पळता पळता ती बहीण एका शेतघरात शिरते. तिथे आणखी काही जण अडकलेले. बाहेर मुडद्यांची गर्दी वाढत जाते. आत माणसं भांडत राहतात : तळघरात लपायचं की वर राहून दारंखिडक्या ठोकायच्या? मुडदे घरात शिरतात ते त्यांच्या ताकदीमुळे जितके, तितकेच आतल्यांच्या हेक्यामुळे.

झोंबी हा शब्द रोमेरोचा नव्हे. तो हैतीच्या लोकसमजुतीतून आला. तिथला झोंबी म्हणजे मांत्रिकाने उठवून मळ्यात राबायला लावलेला मुडदा. गुलामगिरीत पिचलेल्या लोकांना मेल्यावरही सुटका नसेल, ही भीती त्यात होती. १९३२ च्या 'व्हाइट झोंबी' या सिनेमात तसाच झोंबी आहे, मालकाच्या हुकमाचा ताबेदार. रोमेरोने मालकच काढून टाकला. त्याच्या मुडद्यांना कुणी उठवलेलं नाही, कुणी आवरूही शकत नाही. ते माणसांना खातात, ज्याला चावतात तो मरून उठतो, आणि मेंदू नष्ट केल्याशिवाय थांबत नाहीत. आमच्या पोरांना पाठ असलेला नियम तो हाच. गंमत म्हणजे या सिनेमात झोंबी हा शब्द एकदाही येत नाही. तो लोकांनी नंतर चिकटवला.

नायकाच्या भूमिकेसाठी रोमेरोने ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटाला घेतलं. रोमेरो कायम सांगत आला, की यामागे काही तत्त्व नव्हतं. चाचणीला आलेल्यांत तो सर्वांत चांगला नट होता, इतकंच. पटकथेत हा नायक एक रांगडा ट्रकचालक होता. सुशिक्षित जोन्सने आपले संवाद बदलून घेतले, आणि पडद्यावर आला एक शांत, डोकं ठिकाणावर असलेला माणूस. १९६८ साली अमेरिकन पडद्यावर कृष्णवर्णीय माणूस गोऱ्यांना हुकूम देतोय आणि त्याच्या रंगाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, हेच नवं होतं.

आणि शेवट. ज्यांनी हा सिनेमा बघायचा ठरवलाय, त्यांनी हा परिच्छेद वगळावा. तो नायक ती रात्र एकटा जिवंत काढतो. सकाळी बंदुका घेतलेले गावकरी येतात, खिडकीत हालचाल दिसते, आणि त्याला मुडदा समजून गोळी घालतात. पुढे स्थिर छायाचित्रं दिसतात, आकड्यांनी ओढत नेलेल्या प्रेताची. ती वर्तमानपत्रातल्या फोटोंसारखी भासतात. सिनेमाची प्रिंट गाडीच्या डिकीत घालून रोमेरो न्यूयॉर्कला वितरक शोधायला निघाला होता, तेव्हा गाडीतल्या रेडिओवर बातमी आली : मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. एप्रिल १९६८. त्या क्षणापासून या सिनेमाचा अर्थ बनवणाऱ्यांच्या हातात राहिला नाही.

वितरक मिळाला. त्याला नाव पसंत नव्हतं. मूळ नाव होतं 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स', म्हणजे मांसभक्षकांची रात्र. ते बदलून 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' केलं. आता एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. स्वामित्वहक्काची ओळ मूळ नावाच्या पाटीवरच होती. पाटी बदलली, नवी पाटी आली, आणि ती ओळ नव्या पाटीवर घालायची राहून गेली. त्या वेळचा अमेरिकन कायदा कडक होता : प्रसिद्ध झालेल्या प्रतीवर हक्काची सूचना नसेल तर हक्क गेला. सिनेमा प्रदर्शित झाला त्याच दिवशी तो सार्वजनिक मालकीचा होऊन बसला.

१ ऑक्टोबर १९६८ ला पिट्सबर्गमध्ये पहिला खेळ झाला. वयानुसार प्रमाणपत्र देण्याची पद्धत अमेरिकेत त्याच्या पुढच्या महिन्यात सुरू झाली, त्यामुळे दुपारच्या खेळांना चक्क लहान मुलं बसली होती. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी तशा एका खेळाबद्दल लिहिलं आहे : सुरुवातीला किंचाळून मजा घेणारी मुलं हळूहळू गप्प होत गेली आणि एक लहान मुलगी नुसती बसून रडत होती. सिनेमाने पुढे कोट्यवधी डॉलर कमावले. व्हिडिओ कॅसेटचा जमाना आला तेव्हा तर कुणीही उठावं, कॅसेट काढावी आणि विकावी. टीव्ही वाहिन्यांनी हवा तेव्हा दाखवला. कुणाची परवानगी नको, कुणाला पैसे नकोत. पुढे १९९० मध्ये रोमेरोने स्वत: पटकथा लिहून याच सिनेमाची रंगीत आवृत्ती काढवली, ती काही अंशी तरी हातचं गेलेलं परत मिळावं म्हणून.

इथे एक विचार मनात येतो, आणि तो रोमेरोच्या बाबतीत थोडा निष्ठुर आहे. हा सिनेमा फुकट झाला नसता, तर तो इतका पसरला असता का? फुकट होता म्हणून तो सगळीकडे पोहोचला आणि त्याचे नियम सगळ्यांचे झाले. ड्रॅक्युलाला एक लेखक आहे. झोंबी मात्र लोककथेसारखा झाला, ज्याला हवा त्याने उचलावा. माझ्या मते दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत : जगाला फायदा झाला, आणि त्या दहा जणांवर अन्याय झाला. एका गोष्टीने दुसरी पुसली जात नाही.

आपल्या मंडळातली बरीच मुलं आता मोबाइलवर शॉर्टफिल्म करतात, गाणी करतात, चित्रं काढतात. त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. भारतात कलाकृतीवरचा हक्क ती निर्माण झाल्याबरोबर आपोआप लागू होतो, सूचना छापायची राहिली म्हणून तो जात नाही. अमेरिकेतही १९८९ पासून सूचनेची सक्ती नाही. म्हणजे रोमेरोचं झालं तसं तुमचं होणार नाही. पण दुसऱ्या मार्गाने होऊ शकतं. हक्क कुणाला देताना ते लेखी, सहीनिशी द्यावे लागतात, आणि आपण अनेकदा न वाचताच सही ठोकतो. कोणता हक्क, किती वर्षांसाठी, कुठल्या प्रदेशासाठी, किती मोबदल्यात, हे कागदावर आहे का ते बघा. आणि मित्रांनी मिळून काही केलं असेल तर कुणाचा वाटा किती, हे सिनेमा चालायच्या आधी लिहून ठेवा. चालल्यावर लिहिणं फार अवघड जातं.

रोमेरो मात्र कुढत बसला नाही. दहा वर्षांनी त्याने 'डॉन ऑफ द डेड' केला. पिट्सबर्गजवळच्या मनरोव्हिल मॉलमध्ये, दुकानं बंद झाल्यावर रात्रभर चित्रीकरण चालायचं आणि सकाळी मॉल उघडायच्या आत आवरायचं. नाताळच्या सजावटीमुळे तर मध्ये काही आठवडे थांबावं लागलं. गोष्टीत चार माणसं जीव वाचवायला मॉलमध्ये शिरतात. मुडदेही तिथेच येत राहतात. का? तर जिवंतपणी त्यांना इथे यायची सवय होती. सरकत्या जिन्यावर धडपडणारे, काचेला नाक लावून उभे राहिलेले ते मुडदे बघून आधी हसू येतं. मग रविवारी संध्याकाळी काही घ्यायचं नसताना मॉलमध्ये फिरणारे आपण आठवतो. हा सिनेमा १९७८ चा आहे, हे मुद्दाम सांगतो. आपल्या शहरांत मॉल यायला तेव्हा कितीतरी अवकाश होता.

यापुढचं त्याचं आयुष्य म्हणजे पैसा आणि स्वातंत्र्य यांतली ओढाताण. दृश्यं कापायला तो तयार नसे. 'डे ऑफ द डेड'साठी (१९८५) त्याला सांगितलं गेलं, की सौम्य प्रमाणपत्र मिळेल असा सिनेमा कर आणि मोठा पैसा घे. त्याने कमी पैसा घेतला आणि पटकथा छोटी केली. 'लँड ऑफ द डेड'मध्ये (२००५) एका शहरात श्रीमंत लोक झगझगीत मनोऱ्यात राहतात, गरीब खाली रस्त्यावर, आणि मुडदे नदीपलीकडे. मनोऱ्यातल्यांना वाटतं, कुंपण आहे, आपल्याला काय होतंय?

हे वाचून काहींना डोंबिवली आठवली असेल. आदित्य सरपोतदारचा 'झोंबिवली' (२०२२) मराठीतला झोंबीपट. त्यातही उंच इमारत आहे, शेजारी वस्ती आहे, आणि पाण्याचा प्रश्न आहे. याच दिग्दर्शकाने पुढे 'मुंज्या' केला, म्हणजे रोमेरोच्या भुताकडून तो आपल्या पिंपळावरच्या भुताकडे आला. त्याआधी २०१३ मध्ये राज आणि डीके यांचा 'गो गोवा गॉन' आला होता. गोव्यातल्या बेटावरची पार्टी, एक नवं ड्रग, आणि सकाळी सगळे मुडदे. गोवेकरांनो, तुमच्या भूमीला पर्यटक गिळंकृत करतायत ही तक्रार तुम्ही रोजच करता. तो सिनेमा त्या नजरेने एकदा पुन्हा बघा, वेगळाच वाटेल. मला वाटतं, रोमेरोचा खरा प्रभाव इथे आहे. रक्त आणि आतडी कुणीही दाखवेल. झोंबी आणून आपल्याच गावाबद्दल काही बोलायचं, ही वाट त्याने घालून दिली.

रोमेरो १६ जुलै २०१७ ला टोरंटोत गेला, ७७ व्या वर्षी. पण त्याचा एक सिनेमा त्यानंतर आला, आणि खरं तर त्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

१९७३ मध्ये पिट्सबर्गच्या एका धार्मिक समाजसेवी संस्थेने त्याला काम दिलं होतं : म्हाताऱ्या माणसांना समाजात कसं वागवलं जातं, यावर एक माहितीपर फिल्म कर. त्याने वेस्ट व्ह्यू पार्क या करमणूक उद्यानात तीन दिवसांत ती केली. नाव 'द अम्यूजमेंट पार्क'. तासाभराच्या आतली. ती फारशी दाखवलीच गेली नाही आणि विस्मरणात गेली. अनेक वर्षांनी एक फिकट झालेली प्रत सापडली, रोमेरोच्या पत्नीच्या पुढाकाराने ती दुरुस्त झाली आणि २०२१ मध्ये ती सर्वांना बघता आली.

तिच्यात एकही मुडदा नाही. लिंकन माझेल या सत्तरी ओलांडलेल्या नटाने एका वृद्धाचं काम केलंय. पांढऱ्या खोलीत पांढऱ्या कपड्यांतला म्हातारा धापा टाकत बसलाय, अंगावर जखमा, रक्त. तेवढ्यात तोच माणूस दारातून आत येतो, स्वच्छ, टवटवीत, हसतमुख. म्हणतो, मी बाहेर जरा बाग फिरून येतो. जखमी म्हातारा सांगतो, जाऊ नकोस, बाहेर काही नाही. तो ऐकत नाही.

बाहेर जत्रा भरली आहे. तिकिटाच्या खिडकीवर म्हातारी माणसं आपले जपून ठेवलेले दागिने देतायत आणि बदल्यात थोडी तिकिटं मिळतायत. टक्कर-गाडीत अपघात होतो, दोष म्हाताऱ्या चालकावर येतो. खाण्याच्या टेबलावर श्रीमंताची बडदास्त, याच्याकडे कुणी वळून बघत नाही. गुंड मारहाण करतात, माणसं बघत पुढे जातात. एका क्षणी एक छोटी मुलगी त्याला गोष्ट वाचायला सांगते. तो खुलतो, वाचायला लागतो. तेवढ्यात तिची आई सामान आवरते, मुलीला उचलते आणि निघून जाते. गोष्ट अर्धीच राहते. तिथे तो पहिल्यांदा रडतो.

आयुष्यभर मुडदे दाखवणाऱ्या माणसाने केलेलं हे सर्वांत भीतिदायक दृश्य, असं माझं मत आहे. त्या आईने काहीच वाईट केलेलं नाही. ती ओरडली नाही, ढकललं नाही. तिला घाई होती.

पोरांना मी हे सगळं सांगत होतो तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते. कुणीतरी म्हणालं, चला झोपू या. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आईने वेताळाचं विचारलं होतं आणि तासाभरात तिला कुणी उत्तर दिलं नव्हतं. मीसुद्धा नाही. पोरांचे प्रश्न महत्त्वाचे वाटले, तिचा राहून गेला. ती वाती संपवून तिथेच बसली होती.

भाची पुन्हा खाली बसली. म्हणाली, "आजी, तुझा वेताळ काय करायचा गं?"

आई म्हणाली, "तो गोष्ट सांगायचा. आणि ऐकणारा बोलला, की परत झाडावर जाऊन लोंबकळायचा. म्हणून ऐकणाऱ्याने मध्ये बोलायचं नसतं."

मग तिने सांगायला सुरुवात केली. दीड वाजेपर्यंत कुणी मध्ये बोललं नाही.